कूपरेजची आठवण आता मीरा-भाईंदरमध्ये राहते (थ्रेड)

१/ मुंबईची रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि २०००-०१ च्या हंगामानंतर बंद पडली. विजेत्या संघांची यादी कोणालाही सहज सापडते. कूपरेजच्या मैदानावर वडिलांचे बोट धरून हे सामने पाहिलेल्या मुलांची यादी मात्र कोणी केलेली नाही. ती मुले आज पस्तिशीपासून पंच्याऐंशीपर्यंतच्या वयाची आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकजण कूपरेजपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, मीरा-भाईंदरच्या इमारतींमध्ये राहतात.

२/ या थ्रेडचे म्हणणे एवढेच आहे: लहानपणी पाहिलेल्या कप-सामन्याची आठवण हे इतिहासाचे साधन आहे, केवळ म्हातारपणीचा विरंगुळा नव्हे. ते साधन कसे वापरायचे याचे नियम आहेत. ते गोळा करण्याची वेळ आजची आहे, आणि त्यासाठी मीरा-भाईंदर हे उपनगर कूपरेजइतकेच महत्त्वाचे ठिकाण आहे. आधी स्पर्धेचा थोडक्यात इतिहास, मग वादाचा मुद्दा.

३/ भारतातील जुन्या फुटबॉल स्पर्धांमध्ये तीन नावे प्रथम येतात. १८८८ साली सिमल्यात ड्युरँड कप, १८९१ साली मुंबईत रोव्हर्स कप आणि १८९३ साली कलकत्त्यात आयएफए शील्ड. तिन्हींचा जन्म ब्रिटिश लष्कर आणि त्याभोवतीच्या गोऱ्या समाजाच्या करमणुकीतून झाला. रोव्हर्सचा पहिला विजेता वुस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता. पुढे सुमारे साडेचार दशके हा कप एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे जात राहिला.

४/ कूपरेज हे नावही त्याच काळाचे. पिंपे बनवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत ‘कूपर’ म्हणतात. ओव्हल मैदानाच्या दक्षिणेकडच्या या जागेला त्या व्यवसायावरून नाव पडले. पिंपे गेली, मैदान राहिले. चर्चगेट स्थानकावर उतरून ओव्हलच्या कडेने चालत गेले की कूपरेज येते. हा रस्ता लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा लागणार आहे.

५/ भारतीय संघांना या कपवर नाव कोरायला वेळ लागला. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने कप जिंकला. रोव्हर्स जिंकणारा हा पहिला भारतीय नागरी संघ. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने कप नेला. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणारा हाच तो संघ.

६/ स्वातंत्र्यानंतर पहिला मोठा काळ हैदराबादचा. हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स जिंकली. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक गाठला. त्या पाच वर्षांत कूपरेजवर गेलेल्या मुलाने भारतीय फुटबॉलचा सर्वोत्तम काळ घडताना पाहिला, पण तसे त्याला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

७/ १९५५ साली मोहन बागानला अखेर कप मिळाला. १९५८ साली कॅलटेक्स या मुंबईच्याच कंपनी-संघाने तो जिंकला. सत्तरच्या दशकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा दबदबा होता आणि १९७८ व १९७९ मध्ये लागोपाठ गोव्याच्या डेंपो क्लबने बाजी मारली. यादी इथे संपते, आणि बहुतेक लेखांतला रोव्हर्सचा इतिहासही इथेच संपतो.

८/ मात्र या यादीकडे प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुंबईत झालेल्या या स्पर्धेत मुंबईचे संघ फार कमी वेळा जिंकले. मग कूपरेजवरचा प्रेक्षक कोणाच्या बाजूने ओरडत होता? या प्रश्नाचे उत्तर विजेत्यांच्या यादीत नाही. ते त्या काळच्या मुंबईच्या वस्त्यांमध्ये आहे.

९/ धोबी तलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या ‘कूड’ होत्या. नोकरीसाठी आलेल्या गोमंतकीयांचे हे सामुदायिक वसतिगृह. तिथून कूपरेज पायी जाण्याजोगे. गोव्याचा संघ मुंबईत आला की त्यांच्या दृष्टीने गावच खेळायला आलेले असे. मोहमेडन स्पोर्टिंगचे नाव मदनपुरा-नागपाड्यात परके नव्हते. नोकरीनिमित्त मुंबईत स्थायिक झालेल्या बंगाली कुटुंबांना मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांतून एक निवडावाच लागे. ‘बाहेरचे’ संघ मुंबईत बाहेरचे नव्हतेच.

१०/ याशिवाय होते कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे संघ: टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, पुढे ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका. मुंबईच्या फुटबॉलचा कणा बराच काळ हाच होता. खेळाडूला नोकरी मिळे आणि कामगाराला आपला म्हणावा असा संघ मिळे. वडील ज्या कंपनीत कामाला, तिचेच नाव शर्टावर घालून माणसे मैदानात पळत आहेत, हे दृश्य मुलाला काय सांगत असेल याचा विचार क्रीडा-इतिहासाने केला पाहिजे.

११/ लीगचा सामना आणि कपचा सामना यांतला फरकही इथे महत्त्वाचा आहे. लीग वर्षभर चालते, त्यात एक सामना चुकला तरी दुसरा असतो. कपसाठी देशभरचे संघ काही दिवसांपुरते शहरात येतात आणि हरणारा लगेच परत जातो. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्याआधी वर्तमानपत्रात वाचलेला किंवा रेडिओवर ऐकलेला खेळाडू प्रत्यक्ष पाहण्याची मुंबईकर मुलाची संधी म्हणजे रोव्हर्स. म्हणून ती आठवण इतर सामन्यांपेक्षा खोलवर रुजली.

१२/ आता मीरा-भाईंदरकडे. शालेय आणि सरकारी इतिहासात या गावांचा उल्लेख येतो तो चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत, धारावीच्या किल्ल्याच्या निमित्ताने. उत्तनची कोळी आणि ख्रिस्ती गावे, भाईंदरची मिठागरे, खाडीवरचा रेल्वेपूल हा त्यापुढचा पट. मग एकदम १९८५ साली नगरपरिषद, २००२ साली महानगरपालिका आणि २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या.

१३/ ही आठ लाख माणसे मिठागरांतून उगवली नाहीत. त्यांतली फार मोठी संख्या मुंबईतून आली. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबे उत्तरेकडे सरकली. दक्षिण मुंबईतली खोली विकून तेवढ्याच पैशात दोन खोल्यांचे घर मिळे ते दहिसरच्या पुढे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला, विशेषतः नया नगरच्या परिसरात आली. गोमंतकीय आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनीही इथे आणि खाडीपलीकडे वसई-विरारमध्ये घरे घेतली.

१४/ क्रमांक नऊ आणि दहा पुन्हा वाचावेत. कूड, मदनपुरा, गिरणगाव. कूपरेजच्या प्रेक्षकांची जी माहेरे होती, तिथूनच मीरा-भाईंदरकडे येणारा लोंढा निघाला. माणसे सामानासोबत आठवणीही घेऊन आली. मात्र ज्या शेजाऱ्यांसोबत त्या आठवणी घडल्या होत्या, ते शेजारी कोणी नालासोपाऱ्याला, कोणी मुंब्र्याला, कोणी डोंबिवलीला गेले.

१५/ याचा परिणाम समजून घ्यायचा तर कोल्हापूर पाहावे. तिथे फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे संघांची आहेत आणि वस्तीचीही. शाहू स्टेडियमवर आजोबा ज्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडले, त्याच संघासाठी नातू ओरडतो. सामना संपल्यावर चर्चा पेठेतल्या कट्ट्यावर चालू राहते.

१६/ अशा ठिकाणी आठवण सांभाळण्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. एकाने चुकीचे साल सांगितले तर शेजारचा दुरुस्त करतो. एकाने स्वतःला नको असलेला पराभव वगळला तर विरुद्ध पेठेतला माणूस मुद्दाम आठवण करून देतो. आठवणीला साक्षीदार असतात आणि विरोधकही. कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास लिहायला बसलेल्याचे निम्मे काम पेठेने आधीच करून ठेवलेले असते.

१७/ मीरा-भाईंदरच्या सात मजली इमारतीत असे होत नाही. तिसऱ्या मजल्यावर डेंपोचा जुना समर्थक आणि पाचव्या मजल्यावर मोहमेडनचा, हे शक्य आहे. दोघेही एकाच सामन्याला विरुद्ध बाजूंना बसले असतील, हेही शक्य आहे. परंतु सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघतो, कूपरेजचा नाही. एकेकट्या माणसाकडे राहिलेल्या आठवणीला दुरुस्त करणारे कोणी नसते आणि पुढे नेणारेही नसते. माणूस गेला की ती जाते.

१८/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. साठ वर्षांपूर्वी दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेल्या सामन्यावर विश्वास कसा ठेवायचा? धावसंख्या, गोल, तारखा, खेळाडूंची नावे यांची सरमिसळ होते. दोन सामन्यांचा एक होतो. उपांत्य सामन्याचा अंतिम सामना होतो. हे सर्व खरे आहे. प्रश्न आहे तो यावरून काय निष्कर्ष काढायचा याचा.

१९/ इंग्लंडमधले प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. २८ एप्रिल १९२३ रोजी वेम्बली स्टेडियमवरचा पहिला सामना झाला: एफए कपची अंतिम फेरी, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा, प्रत्यक्षात गर्दी त्याहून कितीतरी अधिक. लोक थेट मैदानात घुसले. जॉर्ज स्कोरी नावाच्या पोलीस शिपायाने घोड्यावरून गर्दी मागे सारली. तो सामना आजही ‘पांढऱ्या घोड्याची फायनल’ म्हणून ओळखला जातो.

२०/ घोडा खरे तर करड्या रंगाचा होता. कृष्णधवल चित्रफितीत तो पांढरा दिसला. मैदानात इतरही घोडेस्वार पोलीस होते, लोकांच्या स्मरणात एकच राहिला. म्हणजे आठवण चुकली. पण त्या चुकीतून कळते की प्रत्यक्ष पाहिलेल्या दिवसावर नंतर पडद्यावर पाहिलेला दिवस कसा चढतो, आणि चेंगराचेंगरीच्या भीतीतून सुटलेल्या जमावाला एकच तारणहार का हवा असतो. बोल्टन २-० ने जिंकले, हे मात्र वर्तमानपत्रातून कळतेच.

२१/ इटलीचे मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी हाच मुद्दा अधिक गंभीर प्रसंगातून मांडला. तेर्नी गावातला लुइजी त्रास्तुली हा तरुण पोलाद कामगार १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. अनेक कामगारांनी मात्र तो १९५३ च्या कामगार-कपातीविरुद्धच्या लढ्यात मेला असे सांगितले. पोर्तेलींनी ही चूक बाजूला टाकली नाही. गावाने सर्वांत मोठी जखम कोणती मानली, ते या चुकीनेच दाखवले.

२२/ हाच नियम रोव्हर्सला लावता येतो. ‘मोहमेडनने तेव्हा कप जिंकला’ असे सांगणाऱ्याचे साल चुकले असेल, तर ते कोणत्या सालाकडे सरकले हे पाहावे. गिरणी बंद पडण्याच्या वर्षाकडे? घर सोडले त्या वर्षाकडे? वडील गेले त्या वर्षाकडे? धावफलकासाठी त्या काळची इंग्रजी, मराठी, उर्दू वर्तमानपत्रे आहेत. माणसाकडे जावे ते वर्तमानपत्राने कधी न छापलेल्या गोष्टींसाठी.

२३/ त्या गोष्टी कोणत्या? घरातून किती वाजता निघालात. कोणाबरोबर. चर्चगेटपासून चालत गेलात की बसने. तिकीट कोणी काढले, की भिंतीवरून किंवा झाडावरून सामना पाहिला. कोणत्या बाजूला बसायचे हे कोणी ठरवले. शिव्या कोणत्या भाषेत ऐकल्या. हरल्यावर घरी परतताना वडील बोलले का. मुलाला गोल कदाचित दिसलाच नसेल, पुढच्या माणसाची पाठ दिसली असेल. ती पाठही पुरावा आहे: गर्दी किती होती याचा.

२४/ एक प्रश्न विसरू नये: घरी कोण राहिले? ‘बाबा आम्हाला घेऊन जात’ या वाक्यातल्या ‘आम्हाला’मध्ये बहुधा मुलगेच असतात. त्याच घरातल्या बहिणीला विचारल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. तिला सामन्याची आठवण नसेल, पण भाऊ आणि वडील घरी आल्यावर काय घडले याची असेल. कदाचित जाण्याचा हट्ट केल्याची आणि नकार मिळाल्याचीही असेल. कूपरेजच्या इतिहासात ती गैरहजेरीही लिहिली गेली पाहिजे.

२५/ दुसरा सापळा गोडव्याचा. ‘तेव्हा सगळे एकत्र बसत, कोणी कोणाची जात-धर्म विचारत नसे’ हे वाक्य अशा मुलाखतींत येण्याची दाट शक्यता आहे. विशेषतः ज्यांना दंगलीनंतर घर बदलावे लागले, त्यांना आधीचा काळ अधिक उजळ दिसणे स्वाभाविक आहे. पण हीच ती मुंबई, जिथे चाळीसच्या दशकापर्यंत क्रिकेटचे संघ हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावरून पाडले जात. म्हणून ऐकणाऱ्याने आदराने पुढचा प्रश्न विचारावा: नेमके कोण कुठे बसत असे?

२६/ उत्तर काहीही येवो, ते मौल्यवान आहे. खरोखर एकत्र बसत असतील तर मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा तो एक दुर्मीळ कोपरा ठरेल. वेगवेगळे बसत असतील आणि तरीही आठवणीत एकत्र असतील, तर नंतरच्या फाळणीने मनावर किती खोल घाव घातला त्याचे ते मोजमाप ठरेल. दोन्ही निष्कर्ष विजेत्यांच्या यादीतून कधीच निघणार नाहीत.

२७/ स्पर्धा का संपली, हेही याच चौकटीत पाहावे. १९९६ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जुन्या कपांची जागा आक्रसली. ड्युरँड कपमागे भारतीय लष्कर उभे होते. तो टिकला आणि २०१९ पासून कोलकात्यात नव्या उत्साहाने भरू लागला. रोव्हर्सच्या मागे तसे पाठबळ उरले नव्हते. ज्या गिरण्या आणि कंपन्या संघ पोसत, त्या बंद होत होत्या किंवा हात आखडता घेत होत्या. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये थांबला.

२८/ म्हणजे गिरणगाव मोडणे, कंपनी-संघ मोडणे आणि प्रेक्षकांची वस्ती मोडणे या तीन वेगळ्या घटना नाहीत. मुंबईच्या कामगार-जगाचा एकच ऱ्हास तीन ठिकाणी दिसतो. रोव्हर्स संपली म्हणजे एक स्पर्धा बंद पडली, एवढेच म्हणणारे लिखाण अपुरे आहे. मैदान आजही कूपरेजलाच आहे. त्याच्या गॅलऱ्या भरणारे शहर उत्तरेकडे निघून गेले.

२९/ आज मीरा रोडची मुले रात्री भाड्याच्या टर्फवर खेळतात, मोबाइलवर इंग्लंडची प्रीमियर लीग पाहतात, मुंबई सिटीचा सामना असला की अंधेरीला जातात. त्यात गैर काही नाही. कूपरेजच्या काळातही मुंबईचे मूल कलकत्त्याच्या संघासाठी रडत होतेच. दूरच्या संघावर जीव जडवणे ही या शहराची जुनी सवय आहे. मात्र लिव्हरपूलच्या १९७७ च्या युरोपीय विजेतेपदाचे बारकावे पाठ असणाऱ्या मुलाला, त्याच सुमारास आपले आजोबा कूपरेजवर कोणासाठी ओरडत होते, हे ठाऊक नसावे, ही विसंगती दूर करण्याजोगी आहे.

३०/ ‘मीरा-भाईंदरला इतिहास नाही, ते झोपण्यापुरते शहर आहे’ असे सर्रास म्हटले जाते. हे मत चुकीच्या गृहीतकावर उभे आहे. शहराचा इतिहास म्हणजे त्या जमिनीवर घडलेल्या गोष्टी एवढाच अर्थ धरला, तर किल्ला आणि मिठागरे यांनंतर सांगण्यासारखे थोडेच उरते. पण शहरात राहणाऱ्यांनी सोबत आणलेला भूतकाळ हाही त्या शहराचा इतिहास असतो. त्या अर्थाने रोव्हर्स कपच्या इतिहासाचा एक मोठा साठा आज भाईंदरच्या खाडीअलीकडे आहे.

३१/ काय करता येईल? फार मोठी योजना लागत नाही. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाशी तासभर बोलावे. बोलणे ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जन्मसाल, तेव्हाचे राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि मीरा-भाईंदरला आल्याचे साल आधी लिहावे. रस्ता आणि सोबती यांबद्दल प्रथम विचारावे, गोल आणि धावफलक शेवटी. मध्येच चूक दुरुस्त करू नये. पडताळणी नंतर करावी आणि मूळ सांगणे जसेच्या तसे ठेवावे.

३२/ तिकिटाचा तुकडा, छायाचित्र, वर्तमानपत्राचे कात्रण असे काही निघाले तर त्याचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी. शहरातली महाविद्यालये आणि महानगरपालिकेची वाचनालये यांनी अशा नोंदींसाठी एक कपाट आणि एक सूची ठेवावी, ही मागणी अवाजवी नाही. रस्त्यांच्या आणि चौकांच्या नामकरणावर सभागृहात जेवढा वेळ जातो, त्याच्या अल्पांशात हे काम होईल.

३३/ वेळेचा हिशेब सरळ आहे. हैदराबाद पोलिसांची पाच वर्षांची घोडदौड पाहिलेले मूल आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहे. डेंपोचे १९७८ चे यश पाहिलेले मूल पंचावन्न ओलांडून गेले. शेवटच्या हंगामात कूपरेजवर गेलेले दहा वर्षांचे मूल आज पस्तिशीत आहे आणि रोज सकाळी चर्चगेटच्या लोकलमध्ये उभे असते. त्याला आपण कशाचे साक्षीदार आहोत याची कल्पना असेलच असे नाही.

३४/ म्हणून सुरुवात सर्वांत वृद्ध माणसापासून करावी, पण पस्तिशीतल्या माणसालाही सोडू नये. दोघांनी एकाच मैदानाबद्दल सांगितलेल्या गोष्टी शेजारी ठेवल्या की मधल्या पन्नास वर्षांत मुंबईत काय बदलले ते दिसू लागेल. ज्यांच्या घरात असा साक्षीदार आहे, त्यांनी या रविवारी पहिला प्रश्न विचारावा: कूपरेजला पहिल्यांदा कोणाबरोबर गेला होतात? थ्रेड समाप्त.